दर पावसाळ्यात कुत्र्याचा कान का फुटतो?

पत्राचा सारांश (नाव बदललं आहे): कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या एका ताईंचं पत्र आहे. घरात त्या, त्यांचे मिस्टर, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांचा लॅब्राडॉर, ब्रुनो. तीन वर्षं झाली, पावसाळा लागला की ब्रुनोचे कान फुटतात. तो डोकं झटकतो, पायाने कान खाजवतो, कानातून तपकिरी घाण येते, आंबूस वास सुटतो. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी ड्रॉप दिले आणि चार-पाच दिवसांत आराम पडला. त्यानंतर दर वर्षी तीच बाटली मेडिकलमधून आणून घालतात. सासूबाई खोबरेल तेलात लसूण कडवून ते कोमट तेल कानात सोडतात. उन्हाळ्यात ब्रुनो राजाराम बंधाऱ्यावर पोहतो, त्यानेच हे होतं असं घरच्यांचं मत आहे. यंदा मात्र दुखणं हटेना. चार दिवसांपूर्वी ड्रॉप घालताना मुलाने ब्रुनोचं डोकं धरलं होतं, तेव्हा ब्रुनो त्याच्या मनगटाला चावला. थोडं रक्त आलं, हळद लावली. आता मिस्टर म्हणतात, ‘कुत्रं अंगावर यायला लागलंय, राधानगरीकडच्या शेतावर सोडून येऊ.’ ताई विचारतात: तो खरंच चिडका झालाय का? हवाबदलाने कान बरा होईल का? की डॉक्टर बदलू? जाता जाता एक ओळ: ‘बाकी तब्येत चांगली आहे, फक्त दिवसभर पंजे चाटत बसतो.’

ताई,

ब्रुनोच्या कानाचं नंतर बोलू. आधी मुलाच्या हाताचं. पत्रात तुम्ही लस घेतल्याचं काही लिहिलेलं नाही, म्हणून सांगते: हे वाचून झालं की त्याला घेऊन सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि रेबीजची लस सुरू करा. घरचा कुत्रा आहे, त्याला लस दिलेली आहे, चार दिवस उलटून गेले, यातलं कुठलंही कारण थांबायला पुरेसं नाही. रक्त आलं होतं हे आवर्जून सांगा, कारण लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागतं का, हे त्यावरून ठरतं. पुढे कधी असं झालं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आणि ब्रुनो चावल्या दिवसापासून दहा दिवस तुमच्या डोळ्यांसमोर राहिला पाहिजे. त्याचं खाणं-पिणं, वागणं नेहमीसारखं आहे का हे डॉक्टर विचारतील. तो राधानगरीला असेल तर काय सांगणार? त्यामुळे शेताचा बेत निदान तोवर बाजूला ठेवा.

आता ब्रुनोच्या स्वभावाचं. तुमच्याच पत्रात लिहिलंय की हा मुलगा त्याच्या अंगावर लोळत मोठा झाला, त्याच्या ताटात हात घालतो, तरी ब्रुनो कधी गुरगुरला नाही. तो चावला एकदाच, आणि ते सुजलेल्या कानाला हात लावला तेव्हा. मग याला चिडका कसं म्हणायचं? माझ्या दवाखान्यात ‘हल्ली अंगावर येतो’ म्हणून कुत्रे आणतात, त्यात कान दुखणारे बरेच असतात. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की हे कुत्रे मान काढून घेतात, पट्टा घालू देत नाहीत, कडक काही चावायचं टाळतात. घरच्यांना वाटतं कुत्रा बदलला. चावण्याआधी ब्रुनोने नक्कीच काहीतरी सांगितलं असेल: अंग ताठ केलं असेल, ओठ चाटले असतील, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला असेल, बारीक गुरगुरला असेल. पुष्कळ घरांत गुरगुरलं की फटका मिळतो. मग कुत्रा गुरगुरणं सोडून देतो आणि पुढच्या वेळी सरळ दात लावतो. गुरगुरण्याबद्दल त्याला कधी रागावू नका. कान पूर्ण बरा होईपर्यंत मुलाने कानाच्या कामात हात घालायचा नाही. हा नियम मुलासाठी आहे, आणि तो त्याला समजावून सांगा, नाहीतर ब्रुनो आपल्यावर रुसलाय असं त्याच्या मनात बसेल.

दुखतं किती, हे कळायला कानाची रचना माहीत हवी. कुत्र्याच्या कानाची नळी आधी उभी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात वळून आडवी पडद्याकडे जाते. आपल्याला पाळ उचलून दिसतो तो फक्त वरचा भाग. खरं दुखणं बहुतेक वेळा वळणाच्या पलीकडे असतं. वरून पुसून कान गुलाबी दिसला तरी आत घाण साचलेली असू शकते. इअरबड घातला तर ती घाण आणखी खाली ढकलली जाते, म्हणून इअरबड कुत्र्याच्या कानात घालायचाच नाही.

पोहण्याबद्दल घरच्यांशी मी सहमत नाही. तुम्हीच लिहिलंय की ब्रुनो मार्च ते मे बंधाऱ्यावर पोहतो. तेव्हा त्याचे कान ठीक असतात. जूनच्या अखेरीस पंचगंगा चढते, बंधारा पाण्याखाली जातो, पोहणं बंद होतं, आणि नेमका तेव्हाच कान बिघडतो. पोहण्यानेच होत असतं तर उन्हाळ्यात झालं असतं. ओला कान दुखण्याला मदत करतो हे खरं आहे, लोंबती पाळ हवा अडवते हेही खरं. पण बंधाऱ्यावर लॅब्राडॉर काय कमी येतात? त्या सगळ्यांचे कान काही फुटत नाहीत. ‘लॅब्राडॉरला असं होतंच’ म्हणून सोडून दिलं की ब्रुनोलाच का होतं, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

माझ्या मते उत्तराचा धागा तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. दिवसभर पंजे चाटतो. बोटांच्या मधले केस लालसर-तपकिरी झालेत का बघा, सतत थुंकी लागून ते तसे होतात. काखेत, पोटाखाली, जांघेत त्वचा लाल दिसते का? पंजे आणि कान एकत्र खाजत असतील, ते ठरावीक ऋतूत होत असेल आणि कुत्र्याच्या वयाच्या सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान सुरू झालं असेल, तर पहिला संशय ॲलर्जीचा घ्यायचा. ब्रुनोचं एक वर्षाचा असताना सुरू झालं. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येते, बुरशी धरते, अंथरुणात धुळीतले बारीक किडे वाढतात, गवत माजतं. आपल्याला शिंका येतात, कुत्र्याची त्वचा खाजते. कानाची नळी म्हणजे आत वळलेली त्वचाच. ती सुजते, जास्त मेण सोडते, आतली हवा दमट होते आणि तिथे एरवी गुपचूप राहणारी यीस्ट (एक बारीक बुरशी) व जिवाणू बेसुमार वाढतात. ड्रॉपने यीस्ट मरते, ॲलर्जी तिथेच राहते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

हे निदान मी पत्रावरून पक्कं करत नाही. थायरॉइड कमी असलं तरी कान वारंवार बिघडतात. खाण्यातल्या एखाद्या पदार्थाची ॲलर्जीही कानात दिसते, पण तिला सहसा ऋतू नसतो, बारा महिने त्रास असतो. वाटलं तर डॉक्टर ब्रुनोला आठ आठवडे एकच ठरावीक अन्न देऊन बघायला सांगतील. तेव्हा रविवारच्या रश्शाचा एक चमचासुद्धा चालणार नाही. तसाही रस्सा बंदच करा. आपल्या मसाल्यात कांदा-लसूण भरपूर, आणि दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

त्या ड्रॉपच्या बाटलीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट घराघरात चालते. अशा बहुतेक बाटल्यांत तीन औषधं एकत्र असतात: जिवाणूंवर एक, बुरशीवर एक आणि सूज उतरवायला स्टेरॉइड. स्टेरॉइड दोन-तीन दिवसांत खाज थांबवतं. कुत्रा शांत झोपतो, आपण समजतो झालं बरं, बाटली कपाटात जाते. जंतू मात्र अर्धेच मेलेले असतात. उपचार बरेचदा दोन ते चार आठवडे चालतो आणि तो थांबवायचा निर्णय पुन्हा कान तपासूनच घ्यायचा असतो. दर वर्षी अर्धवट औषध दिलं की तग धरलेले जंतू उरतात आणि एके वर्षी तीच बाटली लागू पडत नाही. यंदा तुमच्याकडे असंच झालं असावं. दुसरा धोका याहून मोठा आहे. आत पडदा फाटलेला असेल तर काही औषधं, जेंटामायसिन हे त्यातलं एक, आतल्या कानापर्यंत पोचून ऐकणं आणि तोल दोन्ही बिघडवू शकतात. पडदा शाबूत आहे का हे दुर्बीण घालून बघितल्याशिवाय मी स्वतः कुठल्याही कानात काही सोडत नाही.

सासूबाईंच्या तेलामागे माया आहे. त्यांनी आपल्या लेकरांच्या कानात असंच कोमट तेल घातलं असणार. पण यीस्ट तेलकट जागेत फोफावते, तेलाने घाण आत चिकटून बसते, आणि तेलाने भरलेल्या कानात डॉक्टरांना पडदा दिसत नाही. लसणाने आधीच सोललेली त्वचा झोंबते. तेल आज बंद करा. पण सासूबाईंना नुसतं ‘तुमचं चुकलं’ म्हणून बाजूला सारू नका, त्यांच्याकडे दुसरं काम द्या. घरात सर्वात जास्त वेळ ब्रुनोजवळ त्याच असतात. दर रविवारी दोन्ही कानांचा वास घ्यायचा, पाळ उचलून रंग बघायचा आणि कालनिर्णयवर एक खूण करायची. कान बिघडायला लागला की आधी वास बदलतो, घाण नंतर दिसते. तेवढ्यावर पकडलं तर पंधरा दिवसांचं दुखणं वाचतं.

डॉक्टर बदलू का, असं विचारलंय. पत्र पुन्हा वाचलं तर दिसेल की डॉक्टरांनी ब्रुनोचा कान तीन वर्षांत एकदाच बघितलाय. बाकी सगळा उपचार मेडिकलच्या काउंटरवर झाला. तेव्हा त्यांच्याकडेच जा, पण या वेळी दोन गोष्टी मागा. एक, कानात दुर्बीण घालून तपासणी. दुसरी, कानातली घाण काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. कापसाची काडी कानात फिरवून काचेवर घासायची, रंग चढवायचा आणि बघायचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. नुसती यीस्ट आहे, गोल जिवाणू आहेत की लांबुळके, पांढऱ्या पेशी आहेत का, हे तिथे दिसतं आणि औषध त्यावर ठरतं. लांबुळके जिवाणू दिसले तर बहुधा कल्चर, म्हणजे ते जिवाणू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं हे बघणारी तपासणी, लावावं लागतं, कारण त्यांच्यावर नेहमीची औषधं कित्येकदा चालत नाहीत. ही सोय त्या दवाखान्यात नसेल तर जिथे आहे तिथे चिठ्ठी द्या म्हणावं. दुखणं फारच जुनं निघालं तर पुण्याच्या अलीकडे शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ब्रुनो हात लावू देत नसेल तर डॉक्टर थोडी गुंगी देऊन कान धुतील. त्याला घाबरू नका, चौघांनी दाबून धरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. वेदनेसाठी आपल्या डब्यातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका, कुत्र्याला त्यातून विषबाधा होते.

ॲलर्जी निघाली तर ती मुळापासून जाईल असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. ती आटोक्यात ठेवता येते आणि त्यासाठी आता चांगली औषधं आहेत, गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. मे महिन्याच्या अखेरीस डॉक्टरांना दाखवून पावसाळ्याची तयारी करायची. गोचीड-पिसवांचं औषध बारा महिने चालू ठेवायचं. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवायचं. बाहेरून आला की पंजे पुसून कोरडे करायचे.

कान धुण्याची रीत एकदा नीट सांगते. पण डॉक्टरांनी पडदा ठीक आहे म्हटल्यावर आणि दुखणं उतरल्यावरच ती वापरायची. त्यांनी सांगितलेलं कान धुण्याचं औषध आणा. पेरॉक्साइड नको, स्पिरिट नको, व्हिनेगर नको. बाटली थोडा वेळ मुठीत धरून ठेवा, गार द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो. पाळ वर उचला, नळीचं तोंड दिसू द्या आणि ते भरेल इतका द्रव सोडा, टोक कानाला न टेकवता. मग कानाच्या बुडाशी, गालाच्या वरच्या बाजूला बोटांनी चाचपा, एक टणक नळी हाताला लागेल. ती चिमटीत धरून अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळा. आतून पचपच आवाज आला म्हणजे द्रव वळणापलीकडे गेला. आता सोडा आणि मागे सरा. तो जोरात डोकं झटकेल, आतली घाण वर येईल, भिंतीवर शिंतोडे उडतील, म्हणून हे अंगणात करा. वर आलेली घाण कापसाने पुसा, आपलं बोट सहज जाईल तेवढंच आत. लगेच आवडीचा खाऊ द्या. कान कोरडा झाला की मग ड्रॉप. दुखणं नसताना रोज धुवायची गरज नाही, उगाच धुतल्यानेही कान ओला राहतो. बंधाऱ्यावरून आल्यावर मात्र कान कोरडा करायलाच हवा. पोहणं बंद करू नका, तेवढा आनंद त्याला राहू द्या.

राहिला शेताचा प्रश्न. राधानगरीकडे बावड्यापेक्षा पाऊस जास्त, गवत जास्त, ओल जास्त. हवाबदल म्हणाल तर उलट्या दिशेचा होईल. तिथे दिवसातून दोनदा ड्रॉप कोण घालणार? गडी माणूस शेतातून थकून येणार, त्यात दुखऱ्या कानाचा कुत्रा. फुटलेल्या कानावर माश्या बसल्या की पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात. मिस्टरांची काळजी खोटी नाही, पोराला दात लागल्यावर बाप घाबरणारच. त्यांना ‘कुत्रा ठेवायचाच’ असं म्हणू नका. ‘कान बरा होईपर्यंत थांबू, मग ठरवू’ एवढंच म्हणा. तोवर ब्रुनो आणि मुलगा मोठ्या माणसाच्या देखत एकत्र. कान पूर्ण बरा झाला आणि तरीही तो चावायला धावला, तर तो वेगळा विषय आहे, तेव्हा जरूर पुन्हा लिहा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. पिल्लाच्या दोन्ही कानांत चहाच्या चोथ्यासारखी कोरडी काळी घाण आणि प्रचंड खाज असेल तर कानातले बारीक किडे असू शकतात. ते एकमेकांना लागतात, तेव्हा घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांवर एकदम उपचार लागतो. दसऱ्यानंतर मसाई पठारासारख्या माळावर फिरून आल्यावर अचानक एकच कान झटकायला लागला तर आत कुसळ गेलं असेल. ते पुढे सरकत जातं, मागे येत नाही, त्याच दिवशी काढून घ्या. जर्मन शेफर्डच्या कानाची टोकं माश्या चावून रक्ताळतात, ती कानाच्या आतली व्याधी नव्हे, पण अळ्यांना आमंत्रण आहे. पाळ अचानक फुगून गुबगुबीत झाली तर झटकून झटकून आत रक्त साचलेलं असतं. घरी सुई टोचू नका. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाचं टोक सरळ कापलेलं किंवा खाच पाडलेली दिसली तर ती जखम समजू नका, नसबंदी झाल्याची ती खूण आहे. डोकं एका बाजूला कलणं, चालताना झोक जाणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलत राहणं, तोंड उघडताना ओरडणं, यातलं काहीही दिसलं तर दुखणं पडद्याच्या आत पोचलंय असं धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. वर्षानुवर्षं दुर्लक्षित कानाची नळी जाड होऊन आतून बंद होते, मग ड्रॉप आत जातच नाहीत आणि शेवटी अख्खी नळी शस्त्रक्रियेने काढावी लागते. ब्रुनो अजून तिथवर पोचला नसावा, पण तिसरं वर्ष आहे, उशीर नको.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा मागच्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी, म्हणजे आतापर्यंत काय काय घातलं गेलं ते त्यांना वाचता येईल. त्याआधी दोन दिवस कानात काहीच घालू नका, धुऊही नका. कान जसा आहे तसा त्यांना दिसू द्या. आणि पंज्यांचं सांगायला विसरू नका.